जालन्याच्या मुरमावर ग्रॅव्हल सायकल

ग्रॅव्हल सायकल घेताना बहुतेक जण आधी गिअरची कंपनी विचारतात, मग फ्रेमचा धातू, मग वजन. टायरकडे लक्ष जातं ते पहिलं पंक्चर झाल्यावर. जालना जिल्ह्यात फिरायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आपण कोणत्या रस्त्याने जाणार ते आधी ठरवा, त्यावरून टायर, तो टायर मावेल अशी फ्रेम, आणि गिअर सगळ्यात शेवटी. जोडीला एक कसोटी कायम लावा: सायकलचा जो भाग मोडला तर अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या बाजारात नीट होणार नाही, तो एक तर सायकलवर नको, नाही तर त्याचा जोड पिशवीत हवा.

ज्यांनी ही सायकल अजून जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडल रोड सायकलसारखं खाली वळलेलं, पण चिमट्यात चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर सहज मावतो. ब्रेक डिस्कचे, गिअर हलके, बसणं थोडं सरळ. हा प्रकार वाढला अमेरिकेच्या मध्य भागातल्या शेतरस्त्यांवर. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाची २०० मैलांची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली; तेव्हा तिचं नाव डर्टी कान्झा होतं, आज अनबाउंड आहे. शिमानोने ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा वेगळा गिअरसंच २०१९ मध्ये आणला आणि २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेतो भागात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली. व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या सायकली या शर्यतींच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. शर्यतीत ठरावीक अंतरावर मदत आणि सुटे भाग मिळतात. घनसावंगीच्या पुढे कॅनॉलवर दुपारी दोन वाजता मागून येईल ती शेळ्यांची खांड.

आता रस्ते. आपल्याकडचा ग्रामीण रस्ता टप्प्याटप्प्याने होतो: मातीकाम, मुरमीकरण, खडीकरण आणि नशीब असेल तर डांबरीकरण. दोन टप्प्यांमध्ये किती वर्षं जातील ते निधी ठरवतो. त्यामुळे एकाच पंधरा किलोमीटरच्या रस्त्यावर चारही टप्पे आलटून पालटून भेटतात. सायकलवाल्यानेही रस्ता याच नावांनी ओळखावा, कारण प्रत्येक टप्प्याची टायरकडे मागणी वेगळी आहे.

मुरूम म्हणजे आपल्या दख्खनी बेसाल्टचाच झिजून झालेला भुगा. रोलर फिरून एक पावसाळा खाल्लेल्या मुरमावर सायकल डांबराइतकीच पळते आणि हाताला त्रास डांबराच्या खड्ड्यांपेक्षा कमी. नवा टाकलेला, न दबलेला मुरूम मात्र पुढचं चाक गिळतो, त्यातही वळणावर. तिथे पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, वजन थोडं मागे घ्या आणि पायडल चालू ठेवा. चाक इकडेतिकडे सरकणारच. हँडल आवळून धरलं की माणूस पडतो.

खडीकरण झालेला आणि डांबराची वाट पाहत असलेला रस्ता सगळ्यात वाईट. मूठभर आकाराची खडी अंथरून वर मुरूम टाकतात. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून जातो, खडी उघडी पडते, आणि क्रशरवरून आलेल्या या दगडाच्या कडा बोथट व्हायला फार वेळ लागतो. असा रस्ता टायरला तळाशी नव्हे, बगलेत कापतो. म्हणून जालन्यासाठी टायर घेताना नक्षीपेक्षा बगलेची मजबुती विचारा. टायर-कंपन्या एकाच नक्षीचा टायर पातळ आणि जाड अशा दोन बगलांमध्ये विकतात, जाड घ्या. वजन पन्नास-शंभर ग्रॅमने वाढेल, वाढू द्या. नक्षी मधोमध बारीक आणि कडेला थोड्या उंच गुठळ्यांची असली की पुरे. खोल नक्षीचा टायर डांबरावर घरघरतो आणि काळ्या मातीत, जिथे तो कामी येईल असं वाटतं, तिथे दहा पावलांत लिंपून गुळगुळीत होतो.

रुंदी चाळीस मिलिमीटरच्या खाली नको. फ्रेममध्ये पंचेचाळीस मावत असेल तर पंचेचाळीस घाला, पण टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी निदान सहा-सात मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. दुकानात टायरच्या बाजूला शिसपेन्सिल घालून पाहा. पेन्सिल अडत असेल तर त्या फ्रेमला तो टायर मोठा आहे.

हवेचा दाब हा सेटिंगचा निम्मा भाग आहे आणि तो फुकट आहे. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, चाळीसचा ट्यूबलेस टायर, सोबत थोडंसं सामान, असा हिशोब धरला तर मुरमावर मागे ३५ आणि पुढे ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. उघड्या खडीवर दोन्हीकडे तीन-चार वाढवा, म्हणजे रिम दगडाला टेकणार नाही. डांबर जास्त असेल तर ४२-४५ चालेल. ट्यूब घातली असेल तर पाच-सहा पीएसआय जास्तच ठेवा. नाही तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटून एकाच वेळी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. वजन दहा किलोने जास्त असेल तर तीन-चार वाढवा, कमी असेल तर तेवढे उतरवा. टायरवर आणि रिमवर कमाल दाब छापलेला असतो. दोन्हींतला कमी आकडा पाळायचा. आणि खिशात छोटा गेज ठेवा, कारण पंक्चरच्या दुकानातला काटा मोटारसायकलच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांसाठी असतो, पाच-दहाचा फरक त्याच्या खिजगणतीतही नसतो.

ट्यूबलेस करावं की नाही, यावर मी इथे तरी वाद घालत नाही: करावं. कारण काटे. बाभळीचा काटा दोन-अडीच इंच लांब असतो. सराटा जमिनीवर कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतो. उन्हाळ्यात कडेच्या गवतातून एकदा सायकल घातली तर एका टायरमध्ये पाच-सात सराटे सहज रुततात. ट्यूब असेल तर तिथेच दिवस संपला. ट्यूबलेसमध्ये सीलंट असेल तर सराटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवून थोडा वेळ थांबायचं, फेस येऊन बंद होतं. चाळीसच्या टायरला एका चाकात ६० ते ८० मिलिलिटर सीलंट लागतं. बाटलीवर काही महिने टिकेल असं लिहिलेलं असतं. ते थंड देशांसाठी समजा. मार्च ते जूनमध्ये दर महिन्या-दीड महिन्याला व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घाला. काडी कोरडी आली तर सीलंटचं रबर झालेलं आहे, नवं भरा.

धसकटापुढे मात्र सीलंटही हात टेकतं. तूर कोयत्याने तिरपी कापतात, तिचा बुंधा जमिनीत राहतो आणि वाळला की खिळ्यासारखा टणक होतो. जानेवारीनंतर तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या रानातून आडवं जाण्याचा मोह टाळा. बांधाने जा, नाही तर वळसा घ्या. दुसरी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या वाळक्या फांद्या बैलांनी किंवा ट्रॅक्टरने ओढत नेतात. रस्त्याच्या धुळीत झाडू फिरवल्यासारख्या समांतर रेघा दिसल्या, की समजा फांदी नुकतीच गेली आणि त्या रेघा संपेपर्यंत वाटेवर काटे सांडलेले आहेत. तेवढं अंतर सायकल खांद्यावर घेऊन चालायला लाज कसली? भोक मोठं असेल तर प्लगची पट्टी आत ढोसायची. ते पाच-सहा पट्ट्यांचं किट सुपारीच्या डबीएवढ्या जागेत मावतं. बगल कापली गेली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालायची. म्हणून ट्यूबलेस असूनही दोन ट्यूब सोबत हव्याच.

इथे व्हॉल्व्हचा प्रश्न येतो, आणि तो आधीच समजून घेतलेला बरा. ग्रॅव्हल सायकलच्या रिमला बहुतेक वेळा प्रेस्टा व्हॉल्व्हचं बारीक, साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं. गावातल्या दुकानात दोनच प्रकारच्या ट्यूब मिळतात: साध्या काळ्या सायकलची, आणि मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची. दोन्ही व्हॉल्व्ह त्या भोकातून जात नाहीत. टायरही नाही मिळत. साध्या सायकलचा अठ्ठावीस दीड टायर दिसायला हुबेहूब तेवढाच असतो, पण तो ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी आहे आणि आपली रिम ६२२ ची; तेरा मिलिमीटरच्या फरकाने तो ढिला बसतो आणि हवा भरताच निसटतो. उलट, आजकाल तालुक्याच्या गावांतही मुलांच्या एकोणतीस इंची जाड टायरच्या सायकली आल्या आहेत. ती रिम ६२२ चीच असते. तुमच्या फ्रेममध्ये मावेल एवढा बारीक एकोणतीसचा टायर कुठे मिळाला तर अडीनडीला घरापर्यंत पोहोचवतो. काही स्वस्त ग्रॅव्हल आणि हायब्रिड सायकलींच्या रिमला जाड व्हॉल्व्हचं भोक असतं. शहरातले जाणकार त्याला नाक मुरडतात; जालन्यात तो गुण आहे, कारण मंठ्याच्या बाजारातली ट्यूब थेट बसते.

प्रेस्टाच असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर घ्या, तीस-चाळीस रुपयांची वस्तू आहे, आणि एक व्हॉल्व्हलाच कायम लावून ठेवा. ते असलं की रस्त्यावरचं कोणतंही पंक्चरचं दुकान आपलं. घरच्या पंपाने ट्यूबलेस टायर रिमच्या कडेवर बसत नाही म्हणून पुण्याचे लोक वेगळी टाकी विकत घेतात. आपल्याकडे कॉम्प्रेसर चौकाचौकात आहे. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा, झटक्यात हवा मारायला सांगा, ठक्-ठक् असे आवाज येऊन टायर बसतो. फक्त नळी तुम्ही धरा आणि गेजकडे लक्ष ठेवा.

काळ्या मातीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरून आलेले सायकलवाले इथेच फसतात. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या याचमुळे. ओली झाली की ती टायरला चिकटते, टायरवरच्या मातीला आणखी माती चिकटते, वाटेतलं गवत आणि काड्या त्यात मिसळतात, आणि पन्नास पावलांत चिमट्यापाशी चाक जाम होतं. जोर लावून पायडल मारलं तर मागचा डिरेलर चाकात ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो. २०२३ च्या अनबाउंडमध्ये सुरुवातीच्याच चिखलाच्या पट्ट्यात कित्येकांचे डिरेलर असे तुटले. कॅन्ससचे सायकलस्वार त्या चिखलाला शेंगदाण्याच्या लोण्याची उपमा देतात आणि तो खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ ठेवतात. आपण शाळेची प्लॅस्टिकची पट्टी ठेवावी. ती फ्रेमचा रंगही खरवडत नाही.

पण पट्टी हा शेवटचा उपाय. पहिला उपाय, तिथे न जाणं. पाऊस झाल्यावर खोल काळ्या मातीच्या वाटेला दोन दिवस ऊन मिळू द्या. ढोबळमानाने गोदावरी आणि दुधनेच्या काठाची माती खोल, माळावरची आणि उत्तरेकडच्या चढउतारांवरची उथळ, खाली लगेच मुरूम लागणारी. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर अंबड-घनसावंगीची शेतवाट सोडा आणि माळाकडे वळा. वाटेत अडकलात तर सायकल ढकलू नका, उचला. ढकलली की ती माती गोळा करत जाते. मडगार्ड पावसाळ्यात डांबरावर ठीक. शेतवाटेवर जायचं तर काढून ठेवा, फट त्यानेच भरते.

गिअरचा विषय त्यामानाने सोपा आहे. आपला जिल्हा पठारी. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूला चढ आहेत, पण ते लांब नाहीत, आखूड आणि खडबडीत आहेत. पुढे एकच चाळीस दात्यांची चकती आणि मागे ११ ते ४२ ची कॅसेट असेल तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटरचा वेग येतो. सैल मुरमाच्या चढाला एवढं पुरतं. सामान घेऊन मोठ्या सफरींना जाणार असाल तर पुढे ४६ आणि ३० अशा दोन चकत्या आणि मागे ११ ते ३४ बरी. हलका गिअर आणखी हलका मिळतो. माझा कल एका चकतीकडे आहे. पुढचा डिरेलर हा धूळ आणि चिखल साठण्याचा आणखी एक कोपरा असतो, आणि सेटिंग बिघडलं की तालुक्याच्या मिस्त्रीला तोच जास्त छळतो. इलेक्ट्रॉनिक गिअरबद्दल वरची कसोटी लावा, उत्तर आपोआप मिळेल.

ब्रेक केबलवर चालणारे डिस्क घ्या. हायड्रॉलिक ब्रेक बोटाला मऊ लागतात हे खरं, पण त्यांचं तेल उतरलं तर ते भरायची सोय असलेलं दुकान शोधत छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, जालन्याहून साठेक किलोमीटर. केबलचा ब्रेक एलकी पान्याने रस्त्यातच आवळता येतो. धुळीत पॅड लवकर झिजतात. एक जोडी जवळ असू द्या. हँगरचं मात्र काहीही करून आधी पाहा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही, आणि त्याच्यावाचून सायकल चालत नाही. सायकल घेतानाच दोन मागवून ठेवा. सोबत चेनचा जोड, तोही आपल्या गिअरच्या संख्येचा, नऊचा अकराला चालत नाही. गिअरची एक तार, चेन तोडायचं हत्यार, चारपाच प्लॅस्टिकच्या लॉकपट्ट्या. झालं एवढंच.

फ्रेम स्टीलची असावी की अ‍ॅल्युमिनियमची? लोखंडी सळ्या बनवणाऱ्या जालना शहरात स्टीलच्या बाजूने बोलणं ओघानेच आलं, पण त्यातही एक अट आहे. सायकलच्या चांगल्या स्टीलच्या नळ्या फार पातळ असतात. तडा गेला तर गेट-खिडक्या करणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगखाली त्या जळून जातात. गॅसवर पितळेची कांडी वितळवून जोडणारा जुना कारागीर गाठा. तो जोड घरापर्यंतच नव्हे, पुढेही टिकतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलकी आणि स्वस्त पडते. मोडली तर मोडलीच. पैसे हात आखडून खर्च करायचे असतील तर नवी ग्रॅव्हल सायकल न घेता चाळीसचा टायर मावणारी साधी हायब्रिड घ्या आणि वाचलेले पैसे टायरवर घाला. वाकडं हँडल नसलं तरी घाणेवाडीच्या तलावावर ती तितक्याच वेळात पोहोचते.

बसण्याची उंची जुन्या पद्धतीने बघा: टाच पायडलवर ठेवून पायडल खाली आलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा जेमतेम दोन बोटं खाली. खडीवर दोन तास गेल्यावर तक्रार पाठीची येत नाही, तळहाताची येते. हँडलला पट्टी दुहेरी गुंडाळा. खालच्या बाजूला थोडं बाहेर फाकलेलं हँडल उतारावर आधार देतं. पायडल साधे, खिळ्यांचे रुंद घ्या. बुटाला अडकणारे पायडल डांबरावर छान, पण इथे वारंवार उतरावं लागतं आणि काळी माती त्या खाचेत बसली की बूट ना अडकतो ना सुटतो.

आता कुठे जायचं. सुरुवात घाणेवाडीपासून करा. निजामाच्या काळात जालन्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव शहराच्या उत्तरेला जवळच आहे, आणि आजूबाजूच्या वाटांवर डांबर, मुरूम, खडी, माती सगळं थोडं थोडं मिळतं. टायरच्या दाबाची तालीम इथेच होते: एकाच वाटेवर तीन पीएसआय कमी-जास्त करून पाहा, हाताला फरक कळतो. तिथून राजूरच्या गणपतीकडे आतल्या रस्त्यांनी जाता येतं. अंगारकीला मात्र तो रस्ता पायी जाणाऱ्यांचा असतो, सायकल घरी ठेवा.

लांबचा पल्ला हवा असेल तर दक्षिणेला जायकवाडीचा डावा कालवा आहे. पैठणच्या धरणातून निघून हा २०८ किलोमीटरचा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडे जातो. त्याच्या कडेने देखभालीचा रस्ता आहे, बऱ्याच भागात कच्चा, जवळपास सपाट, वाहनं तुरळक. जालन्यातलं ग्रॅव्हल खरं इथे आहे. पण हा रस्ता एकसारखा नाही. कुठे मुरूम टाकलेला, कुठे निव्वळ भरावाची माती, कुठे वेड्या बाभळीने दोन्हीकडून मिठी मारलेली. सायफन आणि फाट्यांपाशी तो अचानक तुटतो. तो पाटबंधारे खात्याचा रस्ता आहे, गेट बंद असेल तर वळा. कालव्याला पाणी असताना कडेला थांबून हातपाय धुवायला उतरू नका. अस्तर केलेल्या उताराला शेवाळं असतं आणि वर यायला पकड मिळत नाही. या पट्ट्यातून समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ गाठता येतं. मंदिराजवळ पाणी आणि सावली दोन्ही मिळतात.

उत्तरेला असईकडे जाणारी वाट इतिहासाची आवड असलेल्यांनी करावी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं: दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर होती. उतार असल्याशिवाय अशी गावं वसणार नाहीत, असा त्याने तर्क केला, माणूस पाठवून खात्री करून घेतली, आणि फौज तिथूनच पार झाली. नकाशात वाट तुटलेली दिसली की हाच हिशोब आजही कामाला येतो. उपग्रहाच्या चित्रात नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वस्ती दिसली, तर मधे गाडीवाट किंवा फरशी पूल असण्याची शक्यता दांडगी. पण तर्कावर थांबू नका, त्याच्यासारखी खात्रीही करा. गावात विचारायला दोन मिनिटं लागतात. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी सायकल घालू नका. कडेचा भराव कुठे वाहून गेला आहे ते गढूळ पाण्याखाली दिसत नाही.

समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही. पण त्याच्याखालून शेतांसाठी आणि गावरस्त्यांसाठी ठेवलेले भुयारी मार्ग उपयोगी पडतात. उन्हाळ्यात सावलीला थांबायला त्याहून चांगली जागा नाही. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं. साखर कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, अंबड-घनसावंगीच्या अरुंद डांबरी रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. ट्रॅक्टरवर गाणी जोरात लागलेली, त्यामुळे घंटी ऐकू जाणार नाही हे गृहीत धरा. ट्रॉलीच्या बाजूने बाहेर आलेले ऊस डोळ्याच्या उंचीवर असतात. ओव्हरटेक करायचा विचार सोडा, खाली उतरून जाऊ द्या. अंधारात तर या रस्त्यांवर नकोच; मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

ऑक्टोबरमध्ये गावाजवळच्या डांबरावर मका आणि सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कडेला दगड लावून. त्यावरून सायकल घालू नका, हा शिष्टाचार झाला. शिवाय सोयाबीनवर चाक घसरतंच. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि मालकाला हाक मारा. मालक बहुतेक वेळा हाक ऐकायचीच वाट बघत असतो, आणि मग चहा होतो.

उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो आणि दुपारनंतर चढतो. सकाळी पश्चिमेला निघा, येताना तो पाठीशी मिळेल. अकराच्या आत घरी परतायचं. पाणी किमान तीन बाटल्या. तिसरी बाटली फ्रेमच्या खालच्या नळीला लावली तर तिच्यावर धूळ आणि शेण उडतं, म्हणून तोंडाला झाकण हवं. खायला गूळ-शेंगदाणे, पोळीचा रोल, आणि हंगाम असेल तर मोसंबी. ती तर आपल्या जिल्ह्याचीच, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि बागेच्या कडेला विचारून घेतली तर पैसे कुणी घेत नाही.

घरी आल्यावर चिखलाच्या सायकलला वॉशिंग सेंटरवर नेऊन जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. पाणी हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस निघून जातं, आणि महिन्याभरात चाक करकरायला लागतं. काळी माती रात्रभर वाळू द्या. सकाळी ती हाताने ढपल्या-ढपल्यांनी सुटते. उरलेली ब्रशने झाडा, चेन रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, आणि कोरड्या दिवसांत घट्ट तेलाऐवजी मेणाचं ल्युब लावा. घट्ट तेलावर मुरमाची धूळ बसली की तिची पॉलिश पेपरसारखी लेई होते आणि कॅसेटचे दाते खाते. चाक उचलून फिरवा, पॅडजवळ डिस्क घासते का ऐका, आरे दोन-दोन करून चिमटून पाहा. एखादा ढिला लागला तर खडीने आपलं काम केलं आहे. पुढच्या फेरीआधी मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या.